ठकूचं ‘बघून येते’

ठकू मरगळे माझ्याकडे कित्येक वर्षं जेवली, पण बसून जेवलेली मला आठवत नाही. डाव्या हातावर भाकरी, भाकरीवरच भाजी, आणि दाराच्या चौकटीला खांदा टेकून उभी. पहिल्या दिवशी मी म्हटलं, पाट मांडलाय, बूड टेक. ती म्हणाली, "टेकते की," आणि टेकली नाही. पुढं मी सांगायचं सोडलं. तिच्यासाठी ताट काढायचंही सोडलं. कशाला फुकट घासायचं.

माझी खानावळ भोरच्या एसटी स्टँडसमोर. नवरा एसटीत ड्रायव्हर होता, तो गेल्यावर मी ही सुरू केली. मागच्या अंगाला एक खोली आहे, ती भाड्यानं देते. ठकूला दूध संघात नोकरी लागली तेव्हा ती त्या खोलीत आली. संघाचं ऑफिस भोरात, आणि दूध गोळा करायची केंद्रं खाली हायवेला शिवरे, कामथडीपासून ते वर पार वेल्ह्याच्या डोंगरापर्यंत. त्या तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण माझ्या तोंडात वेल्हंच येतं. प्रत्येक केंद्रात दुधाचं वजन आणि फॅट काढणारं यंत्र, त्याला जोडलेला कॉम्प्युटर, आणि तिथला आकडा भोरला पोचवणारा एक डबा. त्या डब्यांना इंग्रजी नावं आहेत, स्विच काय, राऊटर काय. ठकू डबाच म्हणायची, म्हणून मीही डबाच म्हणते. हे सगळे डबे आणि त्यांच्यामधल्या वाटा मिळून नेटवर्क होतं. ते सांभाळायचं काम ठकूचं.

ती धनगराची. वेल्ह्याच्या वर डोंगराच्या सोंडेवर त्यांची वस्ती, म्हशी आणि शेळ्यांवर जगणारी. उंच, हाडकुळी पोरगी, पायात पुरुषी बूट आणि बाराही महिने अंगात रेनकोट. डोंगर उतरून-चढून शाळा केली, मग पॉलिटेक्निक केलं. तिच्या शिक्षणाचं कौतुक स्टँडवरचे सगळे करायचे. मी केलं नाही. शिकलेल्या पुष्कळ पाहिल्यात, त्यातल्या निम्म्यांना स्वतःची भांडी विसळता येत नाहीत. मला नवल वाटायचं ते तिच्या पायांचं. फोनवर बोलताना ती मोरीपासून दारापर्यंत आणि दारापासून मोरीपर्यंत चालायची. बोलणं नसलं तर बोटांनी मांडीवर ताल धरायची. माझं मांजर चुलीजवळची जागा कुणासाठी सोडत नाही, ते हिच्यापायी माळ्यावर राहायला गेलं.

आणि तिचं एक वाक्य होतं. कुठल्याही केंद्रातून फोन आला, डबा बोलत नाही म्हणून, की ही भाकरीचा उरलेला तुकडा तोंडात कोंबायची आणि म्हणायची, "बघून येते." स्कूटर सुरू झाल्याचा आवाज यायचा. लॅपटॉप खताच्या पिशवीत गुंडाळलेला, आणि खांद्यावर निळ्या वायरीचं वेटोळं. कधी शिवऱ्याला, कधी पानशेतच्या अंगाला, कधी वर घाटात. डबा बिघडलेला असो की नसो, त्याला काही नवीन सांगायचं असलं तरी तिथं जाऊनच सांगावं लागायचं. एका केंद्राची वाट बदलायची तर मधल्या प्रत्येक डब्यापाशी जायचं, लॅपटॉप जोडायचा, समजवायचं, पुढच्याकडे जायचं. डबेही निरनिराळ्या कंपन्यांचे, प्रत्येकाची बोली वेगळी. एकाशी बोलून झालं की दुसऱ्याशी बोलताना जीभ वळत नाही, असं ती म्हणायची.

या सगळ्यात तिच्या जिवाला घोर होता तो एकाच केंद्राचा, तिच्या वस्तीवरच्या. सगळ्यात लांबचं, सगळ्यात वरचं. तिचा बाप धोंडिबा मरगळे ते चालवायचा. घाटात रस्त्याचं काम निघालं, की मशिन तार तोडायचं. तार तुटली की आकडा भोरला येणार नाही, आणि आकडा आल्याशिवाय संघ टँकर घाट चढवत नाही. मोबाईलच्या टॉवरवरून दुसरी वाट होती, पण ती वापरायला डब्यांना जाऊन सांगायला हवं. ठकू जाऊन सांगेपर्यंत दूध आंबलेलं. संघाची माणसं कंटाळली. अध्यक्षांनी तिला तोंडावर सांगितलं, आता दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर ते केंद्र बंद. बंद झालं तर वस्तीला दूध डोक्यावर घेऊन डोंगर उतरायला लागणार. चार दिवस उतरतील, पाचव्या दिवशी म्हशी विकतील आणि पुण्याला कुणाच्या तरी गेटवर काठी घेऊन उभे राहतील. खालच्या दोन वस्त्यांचं असंच झालं होतं. ठकू हे कुणाला रडून सांगत नव्हती. पण त्या दिवसांत तिच्या येरझाऱ्या वाढल्या आणि माझ्या फरशीचा एक पट्टा गुळगुळीत झाला.

मग तिनं संघाच्या मागं लागून नवीन पद्धत आणायचं ठरवलं. एसडीएन म्हणतात त्याला, पुरतं नाव सॉफ्टवेअर डिफाइन्ड नेटवर्किंग. मी म्हटलं, हे काय आहे ते मला सांग, नाहीतर हे चालणं तरी थांबव. ती दारातच उभी होती. तिनं समोर स्टँडच्या खिडकीकडे हात केला.

"मावशी, त्यो कंट्रोलर काय करतो?"

"चहा पितो."

"आन त्याबिगर?"

"कुठली गाडी कुठं सोडायची ते सांगतो."

"गाडी सोता चालवतो का?"

"त्याला सायकल येत नाही," मी म्हटलं. खरंच येत नव्हती.

तर तेच, ती म्हणाली. आजपर्यंत प्रत्येक डबा ड्रायव्हरही होता आणि कंट्रोलरही. फाट्यावर आला की कुठं वळायचं ते स्वतःच्या डोक्यानं ठरवायचा, फार तर शेजारच्या डब्याला विचारायचा. म्हणून रस्ता बदलायचा तर प्रत्येकाचं डोकं वेगळं धरायला लागायचं. आता सगळ्यांचं डोकं काढून एका जागी ठेवायचं. डब्यानं फक्त गाडी हाकायची. कुठं हाकायची ते कंट्रोलर सांगणार. हा कंट्रोलर माणूस नाही, कॉम्प्युटरातला प्रोग्राम. त्याला सगळ्या वाटा एकदम दिसतात, कुठली मोकळी, कुठली तुंबलेली, कुठली तुटलेली. त्याला एकदा सांगितलं की तो सगळ्या डब्यांना सांगतो, आणि सगळे डबे त्याची एकच बोली ऐकतात, मग कंपनी कुठलीही असो.

मला असं लगेच पटत नाही. मी विचारलं, कंट्रोलर जेवायला गेला तर? ती म्हणाली, गाड्या चालूच, सकाळी दिलेला हुकूम ड्रायव्हरच्या खिशात असतो. मग म्हटलं, एखादी गाडी अशी आली की तिचं गाव त्या हुकमातच नाही, तर? ती म्हणाली, ती थांबणार, कंट्रोलरला विचारणार, आणि एकदा उत्तर मिळालं की पुढच्या वेळी विचारायला लागणार नाही. कंट्रोलर मेलाच तर? म्हणाली, त्याचा एक जोडीदार पुण्यात ठेवणार आहे, एक पडला तर दुसरा उभा. माझा नवरा आयुष्यभर कंट्रोलरला शिव्या घालत आला, म्हणून मी शेवटचं विचारलं, आणि कंट्रोलरच येडा निघाला तर?

"तर समद्या गाड्या एकदम चुकणार," ठकू म्हणाली, आणि हसली.

संघाला पटायला वेळ लागला. अध्यक्षांना बाकी काही कळलं नाही, पण कुठल्याही कंपनीचा स्वस्त डबा चालतो एवढं कळलं आणि त्यांनी मान डोलावली. पावसाळ्यात काम झालं. नवीन डबे एसटीच्या पार्सलनं केंद्रावर गेले. केंद्रवाल्यानं नुसती वायर खोचायची. डबा जागा व्हायचा, भोरच्या कंट्रोलरला स्वतःच हाक मारायचा, मी आलोय, काय करू? आणि कंट्रोलर त्याला कामाला लावायचा. ठकूच्या मोबाईलवर केंद्रांचा नकाशा आला. वाट चालू असेल ते केंद्र हिरवा ठिपका, तुटली असेल ते लाल.

त्याच सुमाराला क्रिकेटचं झालं. अध्यक्ष संध्याकाळी संघाच्या ऑफिसात मोठ्या टीव्हीवर मॅच बघत बसायचे, संघाच्याच नेटवर्कवर. तीच वेळ धारेच्या दुधाची. ती मॅच वाट अडवून बसायची आणि डोंगरातल्या केंद्राचा एवढासा आकडा तिच्यामागं खोळंबायचा, जत्रेच्या गर्दीत म्हातारी अडकावी तसा. ठकूनं कंट्रोलरला नियम घातला. दुधाच्या वेळेला दुधाचा आकडा आधी, बाकी सगळं मागून. कुठं जायला नको, कुणाला सांगायला नको. त्या संध्याकाळी मॅच अगदी शेवटाला आली आणि टीव्हीवर बॉल टाकणारा हात वर करून तसाच उभा राहिला. अध्यक्ष रस्ता ओलांडून तणतणत माझ्या दारात आले, कुठाय ती मरगळे. मरगळे दारातच उभी होती, भाकरी खात.

"साहेब," ती म्हणाली, "मॅच नासत न्हाई. दूध नासतंय."

त्यांच्या तोंडाचा रंग बघण्यासारखा होता. पण दुसऱ्या दिवसापासून ते सगळीकडे सांगत सुटले, दुधाला आधी वाट द्यायची कल्पना माझी. ठकूनं ते खोडलं नाही. तिला श्रेय नको होतं, तिला वरचा ठिपका हिरवा हवा होता. आणि तो राहत होता. तार तुटली की कंट्रोलर आपणच आकडा टॉवरच्या वाटेला लावायचा. टँकर घाट चढायचा.

सगळं चांगलं झालं आणि ठकू बिघडली. स्कूटर पत्र्याखाली उभी राहून तिची बॅटरी उतरली. कुठल्या केंद्राचा फोन आला तरी बूट वाजायचे नाहीत. ती मोबाईल काढायची, बोट फिरवायची आणि म्हणायची, "बघते." ‘बघून येते’ मधलं ‘येते’ गळून पडलं. दिवसभर ऑफिसात खुर्चीत बसायला लागायचं, तिथली चीड माझ्या दारात उभी राहून काढायची. भाजीत मीठ जास्त, पाणी कोमट, मांजर फार ओरडतं. मी एकदा म्हटलं, वस्तीवर जाऊन ये, बापाला भेट. ती म्हणाली, "रोज दिसतोय की. हिरवा हाय."

मग शिवऱ्याच्या केंद्रातला डबा चोरीला गेला. हायवेच्या कडेचं केंद्र, कुलूप तोडायला सोपं. चोरानं तो कुठंतरी जोडला आणि संघाच्या नेटवर्कात शिरायची खटपट केली. शिरता आलं नाही, पण अध्यक्ष हादरले. त्यांनी फर्मावलं, ज्या केंद्रातून दिवसभर दूध येत नाही त्याची वाट आपोआप बंद झाली पाहिजे. ठकूला त्यात गैर काही दिसलं नाही. दूध तर रोज येतंच, म्हस काही सुट्टी घेत नाही. तिनं नियम घातला. सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा दूध आलं नाही, तर त्या डब्याची आकडे पाठवायची वाट कंट्रोलरनं तोडायची. एक नियम, सगळ्या केंद्रांना एकदम लागू. तिच्या कामाची गंमतच ती होती.

सर्वपित्री अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळची गोष्ट. ठकू दारात उभी राहून चहा पीत होती. बापाचा फोन आला. यंत्र आकडा घेतंय पण पुढं जात न्हाई, टँकर फाट्यावरनं मागं फिरला. ठकूनं नकाशा उघडला. वरचा ठिपका लाल. तार शाबूत, टॉवर शाबूत, आणि ठिपका लाल. तिनं लॅपटॉप माझ्या पिठाच्या डब्यावर ठेवला, काहीतरी वाचलं आणि तशीच उभी राहिली. तिची बोटं मांडीवर वाजत होती, ती थांबली.

"मावशी, काल आवस हुती?"

"काल माझ्या पत्र्यावर कावळ्यांचा गोंधळ होता तो कशाचा वाटला तुला?" मी म्हटलं. "तूच इथं उभी राहून पितरांची खीर खाल्लीस. मोबाईलमध्ये बघत."

त्यांच्या वस्तीवर अमावस्येला दूध विकत नाहीत. देवाला आणि पोरांना, घरातच सगळं. त्या दिवशी कुठल्या यंत्राचं बटणही दाबायचं नाही, म्हणून धोंडिबा आदल्या संध्याकाळीच केंद्रातलं सगळं बंद करून ठेवतो. नियम घातल्यावर आलेली ही पहिलीच अमावस्या. कंट्रोलरनं दिवसभर वाट पाहिली, दूध आलं नाही, त्यानं सांगितल्याप्रमाणे वाट तोडली. त्याची चूक काहीच नव्हती. आणि ज्या बाईनं त्याला सांगितलं ती त्याच वस्तीत जन्मलेली.

वाट परत उघडायला तिला फार वेळ लागला नाही. दुधाच्या आकड्यांची वाट वेगळी आणि हुकमाची वाट वेगळी ठेवलेली होती. पहिली तुटली तरी दुसरीवरून कंट्रोलर डब्याशी बोलू शकत होता. तिनं हुकूम सोडला, ठिपका हिरवा झाला. पण टँकर तोवर नसरापूर ओलांडून गेलेला. वस्तीनं वासरांना पाजायचं तेवढं पाजलं, उरलेलं ओढ्यात सोडलं.

संघात बैठक बसली. अध्यक्ष म्हणाले, शेवटी ते केंद्र गेलंच. ठकूनं उभं राहून सांगितलं की चूक वस्तीची नाही, नियम मी घातला. हे मला सेक्रेटरीनं सांगितलं, तो माझ्याकडे दुपारचा जेवतो. सेक्रेटरी माणूस वाईट नाही, पण नियमाबाहेर पाऊल टाकत नाही. तो म्हणाला, एका वस्तीसाठी संघाच्या मशिनमध्ये पंचांग घालता येणार नाही. बाकीच्यांना जो नियम तो त्यांना. वस्तीनं अमावस्येला दूध घालावं, नाहीतर केंद्र बंद. अध्यक्षांनी मान डोलावली. दिवाळी एका अमावस्येवर आली होती.

ठकू संध्याकाळी घरी आली आणि पत्र्याखालून स्कूटर बाहेर ओढली. स्टँडवरच्या मेकॅनिकनं बॅटरीला जीव दिला. मग सकाळी बूट वाजले आणि किती दिवसांनी ते ऐकू आलं, "बघून येते." मी म्हटलं, थांब, मलाही ने. मला धोंडिबाकडचं तूप हवं होतं. दुसरं काही कारण नव्हतं.

त्या रस्त्यानं मागं बसून जाण्यापेक्षा मरण बरं. वस्तीवर पोचले तेव्हा माझी कंबर माझी राहिली नव्हती. केंद्र म्हणजे एक पत्र्याची खोली, आत यंत्र, भिंतीवर डबा. धोंडिबा बाहेर दगडावर तंबाखू मळत बसलेला. मला म्हणाला, "या आक्का, टेका." मी टेकले. पोरीला तो काही म्हणाला नाही, तिला टेकायला सांगून उपयोग नाही हे त्यालाही माहीत होतं. ठकूनं उभ्यानंच त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं.

"बोलला न्हाई की मेला, आसं कुनी ठरीवलं?"

"म्या," ठकू म्हणाली.

"तुला ठावं न्हवतं, आवसंला हितं दूध देत न्हाईत?"

"ठावं हुतं."

"मंग?"

"ध्यानात न्हाई ऱ्हायलं, आबा."

तो तंबाखू मळत राहिला. मग म्हणाला, "हितं येत ऱ्हायली आसतीस, तर ऱ्हायलं आसतं." आवाज चढवला नाही. ठकू खोलीभोवती एक फेरी मारून आली. मग तिनं अध्यक्षांचा निरोप सांगितला, अमावस्येला दूध घाला म्हणतात. धोंडिबा म्हणाला, संघ कालचा, आवस त्याच्या आधीची. मला वाटलं, झालं, आता तूप घेऊ आणि निघू.

पण ती आत जाऊन डब्याकडे बघत उभी राहिली. तिथूनच तिनं विचारलं, "आबा, आदल्या दिशी समदं बंद कशापायी करता?"

"आवसंला बटनाला हात लावायचा न्हाई म्हनून."

"मंग चालूच ऱ्हाऊ द्या की. हात लावूच नका. बंद करायलाबी बटन दाबावंच लागतंय."

म्हातारा तंबाखू तोंडात टाकायची विसरला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आक्का, लई शिकीवली ओ हिला," आणि हसला. पण लगेच कबूल झाला नाही. देवाला विचारतो म्हणाला. आत जाऊन आला, देवानं काय सांगितलं ते आम्हाला कळलं नाही, पण डब्याचा दिवा ऱ्हाऊ द्यायला हरकत नाही म्हणाला. दिवा तर आवसंला देवापुढंही असतोच.

भोरला येऊन ठकूनं नियम बदलला, आणि एका वस्तीसाठी नाही, सगळ्यांसाठीच. दूध आलं का, हे विचारायचं नाही. जागा आहेस का, एवढंच विचारायचं. जागा असलेल्या डब्यानं आपली आणि आपल्या जागेची ओळख पटवून ‘हाय’ म्हणायचं. एवढं म्हटलं की त्याची वाट शाबूत. चोराच्या हातातल्या डब्याला ती ओळख पटवता येणार नाही. सेक्रेटरी म्हणाला, ठीक आहे, नियम सगळ्यांना सारखा आहे ना, मग माझी हरकत नाही. पण दिवाळीच्या अमावस्येला ठिपका लाल झाला तर मी अध्यक्षांना काही सांगणार नाही.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी खानावळ अर्धीच चालू होती, एसटीच्या माणसांपुरती. सेक्रेटरी घरी जाताना चहाला थांबला. ठकू सकाळपासून त्याच एका ठिपक्याकडे बघत मोरीपासून दारापर्यंत चालत होती. ठिपका हिरवा होता. मी चहा ठेवला आणि ठकू चालायची थांबली. ठिपका लाल.

सेक्रेटरीनं मान वाकवून पिठाच्या डब्यावर उघड्या ठेवलेल्या लॅपटॉपवर पाहिलं. ठकूनं हातातला करंजीचा तुकडा चुलीच्या कट्ट्यावर ठेवला. "बघून येते," म्हणाली, आणि गेली. स्कूटर वळणावरून दिसेनाशी झाली. माझ्या चहाला अजून उकळी फुटली नव्हती, तेवढ्यात सेक्रेटरी म्हणाला, "मावशी, हे बघा." ठिपका हिरवा. नंतर कळलं, घाटात वाळलेली फांदी पडून तार तुटली होती, आणि कंट्रोलरनं डब्याला टॉवरच्या वाटेला लावलं होतं. ती असती तर तिनंही तेच केलं असतं. सेक्रेटरीनं तिला फोन लावला, मी लावला. गाडी चालवताना ती फोन घेत नाही. चहा पिऊन होईपर्यंत तो ठिपक्याकडे बघत बसला, आणि उठताना म्हणाला, राहू द्या केंद्र, मी सांगतो अध्यक्षांना. चहाचे पैसे द्यायला विसरला.

ती परतली तेव्हा दारोदार पणत्या लागत होत्या. मी म्हटलं, अगं, तू वळणापलीकडं गेलीस न गेलीस तोच हिरवा झाला होता, अर्ध्यातून परत यायचंस. ती म्हणाली, नसरापूरलाच मोबाईलवर पाहिलं होतं.

"मग कशाला गेलीस वर?"

"आबा त्या डब्याम्होरं बसून हुता, मावशी. सकाळपासनं. कुनाला आत येऊ देत न्हवता, चुकून हात लागंल म्हनून." कट्ट्यावरची करंजी तिनं उचलली आणि उभ्यानंच खाल्ली. त्या दिवशी करंजीला नाव ठेवलं नाही.

केंद्र राहिलं. ठकू राहिली नाही. त्यात कुणाचा दोष नाही. काम एवढं सरळ चालायला लागलं, की भोरात त्यासाठी एक अख्खं माणूस कशाला, असं संघाला वाटलं. पुण्याची एक कंपनी बऱ्याच संस्थांची नेटवर्कं एकाच खोलीतून सांभाळते, तिला ते दिलं. ठकूला पुण्यातच एका दवाखान्यांच्या संस्थेत काम मिळालं. तिथंही हीच पद्धत, नाना गावचे दवाखाने, आणि वाट दाखवणारं डोकं एका जागी. जाताना तिनं खोली झाडून दिली, मोरी घासून दिली. रडारड दोघींनी केली नाही. मांजर आठवड्यात खाली आलं.

त्यानंतर ती मला एकदाच दिसली. मी कामथडीला भाचीकडे जाऊन परत येत होते, चेलाडी फाट्यावर भोरच्या गाडीची वाट बघत होते. पुण्याच्या गाडीतून ठकू उतरली. तोच रेनकोट, तेच बूट. शेजारी बाक रिकामा होता, ती उभीच राहिली. भाचीनं बांधून दिलेली भाकरी मी सोडली, तिनं हातावर अर्धी घेतली. तब्येत विचारली, मांजर विचारलं. मी म्हटलं, नवीन जागी तरी बसवतात का खुर्चीत? म्हणाली, बसवतात, पण मी दर महिन्याला एकेक दवाखाना फिरायचं मागून घेतलंय. साहेब म्हणतात, इथून सगळं दिसतं की. मी म्हणते, मलाबी दिसत हुतं.

मग मी विचारलं, वर सगळं बरं? केंद्राचा ठिपका हिरवा आहे ना?

"आता मला दिसत न्हाई त्यो," ती म्हणाली. "संघ सोडला त्याच दिशी माजी वाट बंद झाली. सोडून गेलेल्या मानसाची वाट ठिवायची न्हाई. नियम माजाच हाय."

"मग फोन करायचा बापाला."

"केला. उचलत न्हाई. आज आवस हाय न्हवं, बटनाला हात लावत न्हाई त्यो."

वेल्ह्याची गाडी आली. तिनं भाकरीचा उरलेला तुकडा तोंडात कोंबला. "बघून येते, मावशी," म्हणाली आणि चढली. गाडी निम्मी रिकामी होती. दारातून कंडक्टरचा आवाज मला ऐकू आला, बाई, बसा की, शिटा मोकळ्या आहेत.

"बसते की," ठकू म्हणाली.

गाडी वळली तेव्हा मागच्या काचेतून मला तिचा रेनकोट दिसला. ती उभीच होती.